दोन खांबांमधील एकटा माणूस

२०२२ सालच्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येस पद्म पुरस्कारांची यादी जाहीर झाली, तेव्हा क्रीडा विभागात पद्मश्रीसाठी गोव्याच्या ब्रह्मानंद शंखवाळकर यांचे नाव होते. हुबळी-धारवाडच्या आपल्या घरांतून ही यादी दरवर्षी मोठ्या आस्थेने वाचली जाते. संगीताच्या रकान्यातली नावे आपण वाचताक्षणी ओळखतो. त्यांतल्या कोणाची बैठक कोणत्या साली कोणाच्या वाड्यात झाली होती, हे सांगणारी वडीलधारी मंडळीही अजून आहेत. या नावापाशी मात्र पुष्कळांचे बोट अडखळले असावे. आडनाव ओळखीचे, मुलूख शेजारचा. पण या गृहस्थांनी केले तरी काय?

त्यांनी गोल अडवले. सुमारे दोन दशके त्यांनी दुसरे काहीही केले नाही म्हटले तरी चालेल. आणि स्वतःचे अडवणे संपल्यावर इतरांना अडवायला शिकवण्याच्या उद्योगात ते पडले. या महिन्याच्या सदरात त्यांच्याविषयी, आणि त्यांच्या निमित्ताने गोलरक्षक नावाच्या एका उपेक्षित माणसाविषयी लिहावे असे योजले आहे.

शंखवाळकर हे आडनाव मुरगाव तालुक्यातील सांकवाळ गावाचे. वेलिंगचा लक्ष्मीनृसिंह आणि केरीची विजयादुर्गा ही दैवते मूळची तिथली; पोर्तुगीज अमदानीत ती अंत्रुज महालात नेली गेली, हे ज्यांची कुलदैवते तिकडे आहेत त्या वाचकांना मी सांगायला नको. ब्रह्मानंदांचा जन्म मात्र पणजीजवळच्या ताळगावचा, ६ मार्च १९५४ चा. गोवा मुक्त झाला तेव्हा ते सात वर्षांचे होते. म्हणजे ज्या पिढीचे बालपण एका राजवटीत आणि शाळा दुसऱ्या राजवटीत गेली, त्या पिढीचे ते. राजवट बदलली, नाणी बदलली, शाळेतली भाषा बदलली. संध्याकाळी भाताच्या कापलेल्या मळ्यात चेंडू लाथाडणे तेवढे बदलले नाही.

गोव्यात फुटबॉल पोर्तुगिजांनी आणला असा आपला सर्वसाधारण समज आहे. तिकडची परंपरा वेगळे सांगते: १८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या आयरिश पाद्र्याने शिवोलीच्या मुलांना हा खेळ प्रथम शिकवला, असे मानले जाते. पाद्र्यामुळे आलेला, चर्चच्या आवारात वाढलेला खेळ म्हणून आपल्या घरांतून त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी जरा परकेपणाचीच राहिली. ‘तो त्यांचा खेळ’ असे म्हणताना ‘ते’ कोण आणि ‘आपण’ कोण, हे कोणी उलगडून सांगत नसे, पण सर्वांना कळे. गंमत अशी की, मुक्तीनंतरच्या गोव्यात या खेळाला पोसले ते खाणमालकांनी. आणि त्या खाणमालकांची आडनावे साळगावकर, धेंपो अशी होती. साळगावकर संघ १९५६ चा, म्हणजे मुक्तीच्याही आधीचा. खाणीतून निघालेल्या लोहखनिजाच्या पैशावर संघ उभे राहिले, खेळाडूंना कंपनीत नोकऱ्या मिळाल्या, आणि फुटबॉल खेळून पोट भरते ही गोष्ट सासष्टीच्या आणि बारदेशच्या घरांना प्रथमच खरी वाटू लागली. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर हेही खाणमालकच. त्यांच्या नावाने भरणाऱ्या सुवर्णचषक स्पर्धेत भारतभरचे संघ पणजीला येऊन खेळत. त्यांच्या मराठी शाळांबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे, चषकाबद्दल फारसे नाही.

लोहखनिजाचे म्हणाल तर होस्पेटकडचे खनिज आपल्याच स्थानकावरून, लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर असा घाट उतरून मुरगाव बंदराला जात आले. एकोणिसाव्या शतकात घातलेला हा लोहमार्ग. त्याच वाटेने आपण जत्रेला, लग्नाला, देवाला जात आलो. घाटावरून खाली खनिज गेले. खालून वर काजू, सोलं आणि सुकी मासळी आली. फुटबॉल मात्र वर आला नाही. हुबळीच्या रेल्वे वसाहतीत आणि धारवाडच्या कॉलेजांच्या मैदानांवर तो खेळला गेला, नाही असे नाही. पण आपल्या मराठी घरांतल्या मुलांच्या हातात बॅटच राहिली.

आता खेळाकडे वळू. गोलची चौकट ८ यार्ड रुंद आणि ८ फूट उंच असते. आजच्या मापात ७.३२ मीटर आणि २.४४ मीटर. गुणाकार करून पाहिला तर ही जवळजवळ अठरा चौरस मीटरची जागा होते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातला दिवाणखाना याहून लहान असेल. हा एवढा दिवाणखाना उभा करून त्याच्या दारात एका माणसाने उभे राहायचे, आणि आत काहीही येऊ द्यायचे नाही. पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून ११ मीटरांवर असतो. जोरदार मारलेला चेंडू ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने सुटला, तर हे अंतर कापायला त्याला सेकंदाचे चार दशांश पुरतात. डोळ्याने पाहून मेंदूने हुकूम सोडीपर्यंतच त्यातला जवळजवळ अर्धा वेळ संपलेला असतो. उरलेल्या वेळात साडेतीन मीटर बाजूला झेप घ्यायची! हे केवळ चपळाईने होत नाही. मारणाऱ्याचा टेकलेला पाय कोणत्या दिशेला वळला आहे, कंबर उघडली की मिटली, धाव तिरपी आहे की सरळ, हे चेंडू सुटण्याच्या आधी वाचावे लागते. गोलरक्षकाची विद्या ही अशी अर्ध्याहून अधिक वाचनाची आहे.

दुसरी गोष्ट कोनाची. एखादा गडी चेंडू घेऊन एकटाच चालून आला, तर नवखा गोलरक्षक घाबरून रेषेवरच चिकटून राहतो. जाणता पुढे येतो. कंदिलासमोर हात धरला तर हात कंदिलाच्या जितका जवळ, तितकी भिंतीवरची सावली मोठी. तसेच हे आहे. पुढे येणारा गोलरक्षक मारणाऱ्याच्या दृष्टीने मोठा होत जातो आणि चौकट लहान होत जाते. पण फार पुढे आला, की डोक्यावरून अलगद टाकलेला चेंडू मागे जाऊन पडतो आणि साऱ्या मैदानात त्याचे हसे होते. किती पुढे यावे याला पुस्तकी उत्तर नाही. पावसाळ्यात गोव्याच्या लाल मातीत चेंडू साबणासारखा निसटतो. तेव्हा तो पकडावा की मुठीने दूर लोटावा, हाही निर्णय त्याच चार दशांशांत.

आणि या सर्वांहून अवघड गोष्ट म्हणजे हिशेब. पुढच्या फळीतल्या खेळाडूने नऊ संधी वाया घालवल्या आणि दहावी साधली, तर त्याला खांद्यावर घेऊन मिरवतात. गोलरक्षकाने नऊ चेंडू अडवले आणि दहावा सुटला, तर घरी परतताना लोक त्याला दहाव्याबद्दलच विचारतात. आपल्या गल्लीत पाहा ना! पोरे फुटबॉल खेळायला जमली, की सर्वांत लहान, सर्वांत स्थूल किंवा ज्याला कोणी आपल्यात घेत नाही अशा पोराला गोलमध्ये उभे करतात. त्याच्या वाट्याला चेंडूही कमी आणि शिव्याही जास्त. एखाद्याने आपण होऊन ‘मी गोलमध्ये राहतो’ म्हटले, तर बाकीचे त्याच्याकडे संशयानेच पाहतील.

ब्रह्मानंद अशा जागी आपल्या कारकिर्दीचा मोठा भाग साळगावकर संघासाठी उभे राहिले, आणि राष्ट्रीय स्पर्धेत गोव्यासाठी. संतोष चषक ही राज्या-राज्यांतील स्पर्धा १९४१ पासूनची. बंगाल, पंजाब, म्हैसूर, हैदराबाद यांची ती मिरासदारी होती. १९८२-८३ साली कलकत्त्यास गोवा अंतिम सामन्यात पोचला, समोर बंगाल. कलकत्त्यात बंगालविरुद्ध खेळणे म्हणजे काय, हे ज्यांनी तिथली फुटबॉलची गर्दी पाहिली आहे त्यांनाच ठाऊक. सामना गोलशून्य संपला. पुन्हा खेळवला, पुन्हा गोलशून्य. चषक दोघांत वाटून दिला गेला. गोव्याच्या नावावर संतोष चषक लागण्याची ती पहिली वेळ. आता हे दोन ‘शून्य’ कोणाच्या खाती जमा करायचे? गोल झाला असता तर त्याचा कर्ता मिळाला असता, वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र आले असते. शून्याला कर्ता नसतो, निदान आपल्या व्याकरणात तरी.

पुढच्याच वर्षी, १९८३-८४ ची स्पर्धा मद्रासला झाली. या वेळी ब्रह्मानंद गोव्याचे कर्णधार. अंतिम सामन्यात पंजाबला १-० असे हरवून गोव्याने चषक एकट्याने जिंकला. आणि साऱ्या स्पर्धेत गोव्याच्या जाळ्यात एकही चेंडू गेला नाही. सामन्यामागून सामने, आणि एकही नाही! आपल्याकडे शतक ठोकणाऱ्या फलंदाजाची धाव न् धाव मोजून ठेवतात. न झालेल्या गोलांची मोजदाद ठेवणारी वही कोणाकडे असते? १९८३ ते १९८६ या काळात भारताच्या संघाचे नेतृत्वही त्यांच्याकडे होते. साळगावकर संघाने १९८८ आणि १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षे फेडरेशन चषक जिंकला. हे सारे झाले त्या काळात दूरदर्शनवर क्रिकेटने घरोघर ठाण मांडले होते. १९८३ हे साल आपल्या मनात एकाच कारणासाठी कोरलेले आहे, आणि ते कारण लॉर्ड्सवरचे. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच साली शेजारच्या मुलखाने पहिल्यांदा राष्ट्रीय चषकावर नाव कोरले, हे आपल्या गावीही नव्हते.

मानसन्मानाचा हिशेब तर आणखी बोलका आहे. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिला जातो. फुटबॉलमध्ये तो मिळवणारा पहिला गोलरक्षक पीटर थंगराज, साल १९६७. दुसरा गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर, साल १९९७. मध्ये तीस वर्षे. या तीस वर्षांत आघाडीवीरांना, मधल्या फळीला, बचावपटूंना पुरस्कार मिळाले. चौकटीतल्या माणसाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. तो गोव्याच्या फुटबॉलपटूला मिळालेला पहिला अर्जुन पुरस्कार; आणि तो हाती आला तेव्हा ब्रह्मानंदांचे खेळणे संपलेले होते. पुढचा गोलरक्षक सुब्रत पाल, तो २०१६ साली. नंतर २०१९ साली गुरप्रीतसिंग संधू. पण हा दोष एकट्या आपल्या देशाचा मानू नये. सर्वश्रेष्ठ खेळाडूस दिला जाणारा सोनेरी चेंडूचा मान १९५६ पासून आहे, आणि तो मिळालेला गोलरक्षक एकच, रशियाचा लेव याशिन, १९६३ साली. त्यानंतर कोणी नाही. शेवटी २०१९ पासून गोलरक्षकांसाठी याशिनच्या नावाने वेगळा चषक काढावा लागला. म्हणजे पंगतीत पान मिळेना, तेव्हा वेगळी पंगत मांडली.

थंगराज यांच्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण ब्रह्मानंदांच्या आधीची पायरी ती आहे. १९३५ साली हैदराबादेत जन्मलेला हा उंचापुरा माणूस लष्करात, मद्रास रेजिमेंटमध्ये शिरला तेव्हा पुढच्या फळीत खेळत असे. तिथे तो गोलरक्षक झाला. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून सुवर्णपदक जिंकले, त्या अंतिम सामन्यात चौकटीत थंगराज होते. खेळणे थांबल्यावर ते प्रशिक्षक झाले, बोकारोच्या पोलाद कारखान्याच्या गावी स्थायिक झाले, आणि २००८ साली तिथेच वारले. देशाला सोन्याचे पदक मिळवून देणाऱ्या संघातला माणूस आयुष्याची उत्तरार्धातली वर्षे एका कारखान्याच्या गावात पोरांना चेंडू पकडायला शिकवीत राहिला. मला यात दुःख वाटत नाही. उलट, त्या गावातल्या पोरांचा मला थोडा हेवा वाटतो.

कारण आपल्या देशातली खरी उणीव इथेच होती. संघाला प्रशिक्षक असे तो एक. बहुधा पूर्वीचा आघाडीवीर किंवा बचावपटू. तो चेंडू कसा मारावा हे सांगे, जागा कशा धराव्यात हे सांगे. गोलरक्षकाला काय सांगणार? त्याला चौकटीत उभा करीत आणि बाकीचे दहा-पंधरा जण त्याच्यावर चेंडू मारीत. त्यात मारणाऱ्यांचा सराव होई. गोलरक्षक त्यांच्या सरावाचे साधन. तो शिके ते पाहून, पडून, कोपरे सोलून घेऊन, आणि एखाद्या वडीलधाऱ्या गोलरक्षकाने बाजूला घेऊन दोन गोष्टी कानात सांगितल्या तर त्यातून. गोलरक्षकांसाठी स्वतंत्र प्रशिक्षक असावा ही कल्पना आपल्याकडे फार उशिरा आली. तोवर जे घडले ते स्वतःच घडले, आणि निवृत्त झाल्यावर बहुतेकांनी आपली विद्या बरोबरच नेली. गायकाला गुरू असतो, घराणे असते, चीज कोणाकडून आली हे तो अभिमानाने सांगतो. आपल्या धारवाडात तर हे कोणाला पटवून द्यायला नको. या गोलरक्षकांना घराणे नव्हते.

म्हणून ब्रह्मानंदांच्या आयुष्याचा उत्तरार्ध मला पूर्वार्धाइतकाच मोलाचा वाटतो. हातमोजे उतरवल्यावर मैदानाकडे पाठ न फिरवता ते प्रशिक्षणाच्या कामात उतरले. पुढे गोवा फुटबॉल विकास परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. गावोगाव केंद्रे उघडून लहान मुलामुलींना खेळ शिकवावा, यासाठी ही परिषद आहे. अध्यक्षपद म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हार आणि फीत कापण्याची कात्री येते; पण कोणत्या गावात मैदान आहे, कुठल्या केंद्रावर शिकवणारा माणूस नाही, असल्याच गोष्टींत अशा संस्थांचा दिवस जातो.

गोलरक्षकाने प्रशिक्षक होण्यात तसा एक स्वाभाविकपणा आहे. मैदानावरच्या अकरा जणांत सारा खेळ समोरून दिसणारा तो एकटाच. इतरांच्या पाठीमागे काहीतरी चाललेले असते. त्याच्या पाठीमागे फक्त जाळे. ‘डावीकडे सरक’, ‘मागे माणूस आहे’, ‘चेंडू माझा’ असे तो सामनाभर ओरडत असतो, म्हणजे खेळतानाच अर्धा प्रशिक्षक झालेला असतो. असे असूनही मोठ्या संघांचे मुख्य प्रशिक्षक झालेले गोलरक्षक जगात थोडेच. इटलीचा दिनो झोफ हे त्यातले ठळक नाव. १९८२ साली चाळिसाव्या वर्षी कर्णधार म्हणून त्याने विश्वचषक उचलला. त्याच स्पर्धेत ब्राझीलविरुद्ध शेवटच्या क्षणी गोलरेषेवर दाबून धरलेला चेंडू जुन्या रसिकांना आठवत असेल. पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने १९९० साली युव्हेंटस संघाला एकाच मोसमात दोन चषक मिळवून दिले, आणि तरी त्याची जागा दुसऱ्याला दिली गेली. २००० साली युरोपीय स्पर्धेत त्याचा इटलीचा संघ अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटापर्यंत पुढे होता. भरपाईच्या वेळेत फ्रान्सने बरोबरी केली आणि मग जादा वेळात निर्णायक गोल केला. एका बड्या राजकारण्याने जाहीरपणे दोष दिला, तेव्हा झोफने शांतपणे राजीनामा दिला. नव्वद मिनिटे अडवले, एक सुटला. हिशेब प्रशिक्षक झाल्यावरही तोच राहिला.

आपल्याकडे याच्या उलट एक उदाहरण अगदी अलीकडे घडले, जरी ते हॉकीतले असले तरी. केरळचा पी. आर. श्रीजेश. त्याला पॅड घेऊन देण्यासाठी वडिलांनी घरची गाय विकली, ही हकीकत आता सर्वांना ठाऊक आहे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये जर्मनीविरुद्ध अखेरच्या क्षणी त्याने पेनल्टी कॉर्नर अडवला आणि भारताला कांस्यपदक मिळाले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला दुसरे कांस्य जिंकून तो निवृत्त झाला, आणि लगोलग भारताच्या कनिष्ठ संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याचे नाव जाहीर झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मस्कतला त्याच्या मुलांनी आशिया चषक जिंकला. एका गोलरक्षकाचे ज्ञान ताजे असतानाच देशाने मागून घेतले, हे त्यातले विशेष. ब्रह्मानंदांच्या वेळी असे मागणारे कोणी नव्हते.

ज्ञान ताजे असण्याला या विद्येत फार महत्त्व आहे, कारण ती शिळी होते. १९९२ सालापर्यंत स्वतःच्या गड्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षक खुशाल हातात घेई. वेळ काढण्याचा तो राजमार्ग होता. पुढे असलेला संघ चेंडू मागे देत राही, गोलरक्षक तो उचली, टप्पे मारी, पुन्हा टाकी, आणि प्रेक्षक जांभया देत. त्या वर्षी नियम बदलला, आणि असा चेंडू हाताळायला मनाई झाली. एका रात्रीत जगातल्या सर्व गोलरक्षकांना पायांनी खेळायला शिकावे लागले. आज चौकटीतला माणूस दहाव्या खेळाडूला चेंडू नेमका पोचवणारा अकरावा खेळाडू आहे. २०२५ पासून तर त्याने चेंडू आठ सेकंदांहून अधिक काळ हातात धरला, तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. ब्रह्मानंदांच्या पिढीची तालीम या बदलाच्या अलीकडची. त्या पिढीतल्या ज्यांनी शिकवायचे ठरवले, त्यांना आधी स्वतः पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. पन्नाशीकडे झुकताना हे किती जणांना जमते? आपल्यातल्या निवृत्त शिक्षकांना विचारून पाहावे. नवे गणित आले तेव्हा त्यांची काय तारांबळ उडाली होती, ते सांगतील.

गोव्याच्या जुन्या संघांचे दिवसही पुढे पालटले. साळगावकर संघाने १९९८-९९ साली राष्ट्रीय लीग जिंकली, २०१०-११ साली आय-लीगही जिंकली. आणि २०१६ साली साळगावकर, धेंपो व स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही संघांनी देशाच्या कारभाऱ्यांच्या नव्या रचनेला विटून आय-लीगमधून अंग काढून घेतले. कंपनीत नोकरी, संध्याकाळी सराव, आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन, ही जुनी घडी त्यापूर्वीच विसकटू लागली होती. ब्रह्मानंदांच्या वेळी मुलगा फुटबॉल खेळतो म्हटल्यावर गोव्यातल्या बापाला ‘साळगावकरांकडे लागेल’ अशी आशा तरी होती. आजचा करार दोन-तीन वर्षांचा, पैसा अधिक, उद्याची शाश्वती कमी. यातले कोणते बरे, याचा निवाडा मला करता येत नाही. पण मुलाला खेळू द्यावे की नाही, असे विचारणाऱ्या पालकांना मी एवढे सांगतो की, गोलरक्षकाचे आयुष्य आघाडीवीरापेक्षा लांब असते. झोफ चाळिशीत विश्वविजेता झाला; ब्रह्मानंदांनी भारताचे नेतृत्व केले ते वयाच्या तिशीच्या आसपास, जेव्हा त्यांच्या बरोबरीचे पुढच्या फळीतले खेळाडू बूट टांगून ठेवण्याच्या बेतात असतात. आणि खेळ संपल्यावर शिकवण्याचे काम आता खरोखरच उपलब्ध आहे. प्रत्येक बऱ्या संघाला आज गोलरक्षकांचा वेगळा प्रशिक्षक लागतो, आणि चांगले मिळत नाहीत.

आपल्या मुलींसाठीही हे लिहितो आहे. १९९९ साली महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना अमेरिका आणि चीन यांच्यात झाला, तेव्हा मैदानात नव्वद हजारांवर प्रेक्षक होते. पूर्ण वेळ आणि जादा वेळ धरून एकही गोल झाला नाही, कारण दोन्ही चौकटींत खंबीर स्त्रिया उभ्या होत्या. अमेरिकेची ब्रियाना स्करी आणि चीनची गाव होंग. पेनल्टीवर चीन हरला. त्या गाव होंग यांनीही पुढे शिकवण्याचाच मार्ग धरला. देश, भाषा, राजवट कोणतीही असो, या माणसांची वाट शेवटी एकाच दिशेला वळते असे दिसते.

आता कोणी विचारील, या शिकवण्यात शिकवायचे ते काय? झेप तर अंगातच असावी लागते! तसे नाही. चेंडू पकडताना दोन्ही अंगठे जवळजवळ भिडवून तळव्यांची ओंजळ चेंडूच्या मागे न्यायची, म्हणजे तो हातांमधून निसटून तोंडावर येत नाही. हे सांगावे लागते. जमिनीवरून येणाऱ्या चेंडूमागे हातांबरोबर पायाचीही भिंत हवी. हे सांगावे लागते. आणि सर्वांत आधी शिकवायचे असते ते पडणे. नवे पोर झेप घेताना कोपर किंवा मनगट पुढे टेकते आणि हाड दुखावते, किंवा पोटावर आपटते. एकदा लागले की पुढच्या वेळी अंग आपोआप आखडते. म्हणून जाणता प्रशिक्षक पोराला प्रथम मातीत बसवतो. बसल्या जागेवरून कुशीवर कलंडायचे, मांडी, कंबर, खांदा असे क्रमाने टेकायचे, हात चेंडूपाशी, नजर चेंडूवर. डावीकडे, मग उजवीकडे. आवडत्या बाजूपेक्षा नावडत्या बाजूला अधिक वेळा. हे आठवडाभर झाले की गुडघ्यांवर उभे करतो, आणि पुन्हा तेच. मग उकिडवे. उभे राहून झेप घेण्याची पाळी त्यानंतर येते.